आधी पत्रा, मग फवारा

पिकअपच्या हौद्याला गंज दिसला की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: अस्तराचा जाड काळा फवारा मारून घ्या आणि पंधरा वर्षं विसरून जा. अस्तर विकणारे हे सांगतात, यात नवल नाही. पण गॅरेजवाले, मालवाहतूक करणारे, व्हिडिओ पाहून गाडीचं शास्त्र शिकलेले मित्र, सगळेच आता तेच सांगू लागले आहेत. पुढचं बोलणंही ठरलेलं असतं. कोणत्या ब्रँडचा फवारा, थर किती जाड, गॅरंटी किती वर्षांची, एवढं विचारायचं आणि पैसे मोजायचे.

मीरा-भाईंदरच्या गाडीमालकाला हा सल्ला देणं म्हणजे त्याला खड्ड्यात घालणं आहे. पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेनचं अस्तर उत्तम असू शकतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या सल्ल्यात पत्र्याचा उल्लेखच नसतो याबद्दल. ज्या लोखंडावर ते अस्तर बसणार त्याची अवस्था काय आहे, त्यावर मीठ किती आहे, फवारण्याच्या दिवशी ते खरोखर कोरडं होतं का, हे प्रश्न कोणी विचारत नाही. आणि या शहरात निकाल लागतो तो याच प्रश्नांवर.

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि वस्त्यांच्या कडेला मिठागरं व खारफुटी, अशी या महापालिकेची हद्द खाऱ्या पाण्याने वेढलेली आहे. मीरा रोड पूर्वेचं पूनम सागर हे दाट वस्तीचं संकुल. अशा वस्तीतला छोटा वाहतूकदार रात्री गाडी रस्त्याकडेला, उघड्यावर लावतो. छपराखालची जागा त्याला परवडत नाही. बोलेरो पिकअप, टाटा एस, अशोक लेलँडची दोस्त या गाड्या भाजी, पाण्याचे जार, फर्निचर, सिमेंट वाहतात. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांकडच्या गाड्यांच्या वाट्याला मासळी आणि बर्फ येतो. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी क्रेटमधून गळतं, हौद्याच्या तळातल्या पन्हळींत साचतं आणि फाळक्याच्या बिजागरीपर्यंत झिरपतं. सुक्या मालाच्या गाडीला हवेतला खारटपणा तेवढा सोसावा लागतो. मासळीच्या गाडीत मात्र समुद्रच भरलेला असतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. गंजायला लोखंड, प्राणवायू आणि पाणी एवढं पुरतं; मिठातलं क्लोराइड त्या क्रियेला वेग देतं आणि पत्र्यात बारीक खड्डे पाडत खोल जातं. त्यात साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्री क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. किनाऱ्यावरची हवा वर्षाचा बहुतेक काळ याहून कितीतरी दमट असते. म्हणजे मासळी वाहिलेला हौदा हाताला कोरडा लागला तरी मिठाच्या लेखी तो ओलाच असतो.

अशा हौद्यावर वायर ब्रश फिरवला, थिनरचा बोळा मारला आणि वरून तीन मिलिमीटरचा फवारा दिला, तर काय होतं? मीठ आत कोंडलं जातं. कोणतंही रासायनिक अस्तर पाण्याच्या वाफेला शंभर टक्के अडवत नाही. कमी-अधिक प्रमाणात ती आत शिरतेच. खालचं मीठ तिला ओढत राहतं. आत थेंब जमतो, दाब वाढतो, अस्तर पत्र्यापासून सुटतं आणि फुगे धरतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो वरचा थर आणखी उचलतो. जहाजं आणि पूल रंगवणाऱ्यांना हे इतकं ठाऊक आहे की रंगाआधी पृष्ठभागावरचे क्षार मोजायची पद्धत आयएसओ 8502 या आंतरराष्ट्रीय मानकमालेत घालून दिलेली आहे. एक चिकट कप्पा पत्र्यावर लावायचा, त्यात शुद्ध पाणी सोडायचं, क्षार पाण्यात उतरले की पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. थिनर तेल-ग्रीस काढतो. मीठ त्यात विरघळत नाही. ते निघतं गोड्या पाण्यानेच, तेही दाबाने आणि पुन्हा पुन्हा धुऊन, कारण गंजाच्या खड्ड्यांत ते तळाशी बसलेलं असतं.

यावर अस्तराच्या बाजूने येणारं उत्तर ऐकण्यासारखं आहे. पॉलियुरियाला ओलाव्याचं वावडं नाही, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट या रसायनाची गाठ पॉलिऑलशी पडायची असते. मध्ये पाणी आलं तर आयसोसायनेट त्याच्याशीही जुळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थर फेसाळतो. 1980च्या दशकात अमेरिकेत टेक्साको केमिकलच्या प्रयोगशाळेत घडलेल्या फवाऱ्याच्या पॉलियुरियात पॉलिऑलच्या जागी अमाइन आलं. ही क्रिया इतकी झटपट होते की पाण्याला मध्ये यायला वेळच मिळत नाही. थर काही सेकंदांत घट्ट होतो.

पण यातून एवढंच सिद्ध होतं की दमट हवेतही थर तयार होईल. तो पत्र्याला धरून राहील, हे सिद्ध होत नाही. उलट काही सेकंदांत घट्ट होणाऱ्या पदार्थाला पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरायला कमी वेळ मिळतो, म्हणून त्याला योग्य प्रायमर आणि खरखरीत, स्वच्छ पत्रा जास्तच लागतो. ओल्या पत्र्यावर तो उत्तम ताडपत्रीसारखा पसरेल आणि खाली पाणी तसंच राहील.

इथे महिन्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. रंगकामाचा जगभर पाळला जाणारा नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलसर थर त्यावर धरलेला असू शकतो. जुलैतली एक साधी दुपार घेऊ: हवा 28 अंश, आर्द्रता 85 टक्के. दवबिंदू येतो 25.2 अंशांवर. शेडमधला पत्राही 28 अंशांचाच असेल तर अंतर 2.8 अंश, म्हणजे काम थांबवायला हवं. आता जानेवारीतली दुपार: हवा 26 अंश, आर्द्रता 50 टक्के. दवबिंदू 15 अंशांच्याही खाली, अंतर 11 अंश. तोच कारागीर, तोच माल, तीच गाडी, आणि निकाल वेगळा.

आता महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते 1 जून ते 31 जुलै. याच दोन महिन्यांत मासळीची गाडी रिकामी असते, मालकाला फुरसत असते आणि काम उरकून घ्यायचा मोह होतो. वर्षभरात फवाऱ्यासाठी याहून वाईट मुहूर्त सापडणार नाही. त्यातही पत्रा हंगामभर खारं पाणी पिऊन नुकताच मोकळा झालेला असतो. हे गाडीमालकाला न सांगता जून-जुलैत पावसाळी सवलतीत कोणी फवारा विकत असेल, तर ती सवलत शुद्ध फसवणूक आहे.

जाडीचा मुद्दा याहून सोपा आहे, पण त्याभोवती भ्रम फार. तीन मिलिमीटर, पाच मिलिमीटर असे आकडे सर्रास सांगितले जातात. मालकाने स्वतः गुणाकार करावा. हौद्याचा तळ आणि आतल्या बाजू मिळून 8 चौरस मीटर धरल्या, तर 3 मिलिमीटर थराला 24 लिटर माल लागतो, फवारताना वाया जातो तो वेगळा. गाडीसमोर 8 लिटर माल रिकामा झाला असेल, तर थर 1 मिलिमीटरहून जाड असूच शकत नाही, बिलावर काहीही लिहा. खरा गरम फवारा म्हणजे दोन घटक साधारण 65 ते 80 अंशांपर्यंत तापवून, मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी मिसळणारं यंत्र. बाटलीत हलवून साध्या कॉम्प्रेसरवर मारायचे रॅप्टरसारखे किट हा वेगळा प्रकार. त्यांचा थर मिलिमीटरच्या अंशात मोजावा लागतो. तेही कामाचे आहेत, पण एकाचं नाव सांगून दुसऱ्याची किंमत लावली जाऊ नये.

आणि जाड थर मिळाला तरी तो गंजलेल्या पत्र्यावर असेल तर तोट्याचाच. साध्या रंगाचा हौदा कुठे फुगला ते दिसतं, घासून प्रायमर-रंगाचा हात मारता येतो. जाड अस्तराखाली काय चाललंय ते दिसत नाही. दिसतं तेव्हा भोक पडलेलं असतं. मग वेल्डिंग करायचं तर आधी अस्तर खरवडून काढावं लागतं, आणि ते न काढता टॉर्च लावली तर जळणाऱ्या पॉलियुरेथेनचा धूर वेल्डरच्या छातीत जातो. त्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असतो.

आता या सल्ल्यातली सगळ्यात मोठी उणीव. हौद्याचा तळ हा पिकअपमधला सगळ्यात दिसणारा भाग आहे, सगळ्यात महत्त्वाचा नव्हे. हौदा गेला तर नवा बसवता येतो. चासी गेली तर गाडी गेली. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपचं काय झालं ते इथल्या प्रत्येक मालकाला ठाऊक असायला हवं. 1995 ते 2000 या वर्षांतल्या गाड्यांच्या चासीला पुरेसं गंजरोधक लागलेलं नव्हतं. चासी आतून खाल्ली जाऊ लागली तेव्हा 2008 मध्ये कंपनीने त्या गाड्यांसाठी गंजाची हमी 15 वर्षांपर्यंत वाढवली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या परत विकत घेतल्या. पुढच्या काळातल्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया गाड्यांबाबतही दावा उभा राहिला, आणि 2016 मध्ये 15 लाखांच्या आसपास गाड्यांसाठी 340 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. जगातल्या सर्वांत मोठ्या वाहन कंपन्यांपैकी एकीचा हा अनुभव. फवाऱ्याच्या अस्तरांचं माहेरघर असलेल्या देशात पिकअप मेल्या त्या हौद्याच्या खालून, आतून. तिथे दोष हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाचा. इथे ते मीठ समुद्र बारा महिने फुकट पुरवतो.

म्हणून चासीच्या पोकळ भागांवर बाहेरून जाड फवारा मारून पाण्याच्या वाटा बुजवणं हा गुन्हाच समजावा. हौद्यात, दारांत, चासीत कारखान्याने भोकं ठेवलेली असतात ती पाणी बाहेर पडावं म्हणून. फवाऱ्याखाली ती बुजली की पाणी आत कोंडतं. पोकळ भागांत लांब नळीने मेणासारखं गंजरोधक सोडायची पद्धत आहे. ते खाचांत सरकतं, मऊ राहतं, काही वर्षांनी पुन्हा देता येतं. त्याला झगमगाट नाही, त्याचे व्हिडिओ निघत नाहीत, म्हणून त्याची आठवणही कोणी करून देत नाही.

व्हिडिओंबद्दल एक सांगायलाच हवं. कलिंगडाला हेच अस्तर मारून उंचावरून टाकतात आणि ते फुटत नाही. स्फोटात भिंतींचे तुकडे उडू नयेत म्हणून अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी असल्या अस्तरांच्या चाचण्या घेतल्या, हेही खरं. या गोष्टींनी अस्तराची चिवटता सिद्ध होते. विटा, लोखंडी सळया, गॅस सिलिंडर, दगड-रेती वाहणाऱ्याला ती चिवटता हवीच असते: पत्र्याला पोचे-ओरखडे कमी, आवाज कमी, माल घसरत नाही. पण यातल्या एकाही चाचणीत मासळीच्या पाण्याने खड्डे पडलेला पत्रा नव्हता. एका कामातली लायकी दुसऱ्या कामाची हमी म्हणून दाखवणं हाच या विक्रीतला मूळ दोष.

दुसऱ्या टोकाला जुन्या वळणाचे लोक आहेत. कोटिंग हा हौशी लोकांचा खर्च, खालून जळकं ऑइल मारलं की झालं, असं ते म्हणतात. त्यांचंही ऐकू नये. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्लं आणि धातूंचे कण असतात, रबराचे बुश त्याने फुगतात, आणि पहिल्या जोरदार पावसात ते धुऊन गटारात आणि गटारातून खाडीत जातं. 2016च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचरा म्हणूनच नोंदवलेलं आहे. ज्या खाडीत उत्तन-भाईंदरचे लोक जाळी टाकतात तिथेच ते पोचतं.

यात माणूस मात्र कोणाच्याच हिशेबात नाही. फवारणारा कारागीर आयसोसायनेटच्या धुक्यात उभा असतो. या रसायनाने कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकात पक्कं ठरलेलं आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. भोपाळमध्ये 1984 साली सुटलेला वायू याच कुळातला, पण वेगळा आणि कितीतरी जास्त उडून जाणारा होता. अस्तरातल्या आयसोसायनेटची त्याच्याशी बरोबरी करू नये. तरी फवाऱ्यात त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि फुप्फुसात उतरतात. युरोपीय संघाने 24 ऑगस्ट 2023 पासून, 0.1 टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल औद्योगिक किंवा व्यावसायिक कामासाठी वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेणं सक्तीचं केलं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क इथे निरुपयोगी आहे. नळीतून बाहेरची स्वच्छ हवा देणारा मुखवटा लागतो. इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात, वर माणसं राहत असताना, दार उघडं ठेवून हे काम होत असेल तर गाडीमालकाने तिथून परत फिरावं. स्वस्त पडतंय म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसावर आपली गाडी टिकवायचा हक्क कोणालाही नाही.

पंधरा वर्षांची किंवा आजीवन गॅरंटी, हा विक्रेत्याचा शेवटचा पत्ता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापार प्रथांच्या व्याख्येत एक महत्त्वाची गोष्ट आहे: वस्तूच्या आयुष्याबद्दल किंवा गुणाबद्दल पुरेशा चाचणीचा आधार नसताना दिलेली हमी ही अनुचित प्रथा ठरते, आणि चाचणी झाल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तसा बचाव करणाऱ्यावर असते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. धंद्याची गाडी आहे, आपण ग्राहक कसले, असं समजून पिकअपवाले गप्प बसतात. पण केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू हा कायदा व्यापारी हेतूत धरत नाही. एक गाडी स्वतः चालवणारा माणूस जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. हमीपत्राच्या बारीक अक्षरांत अस्तर सोलणं तेवढं येतं आणि खालचा गंज वगळलेला असतो का, हे मात्र पैसे देण्याआधी वाचायला हवं.

फवारा कोणी घ्यावा? ज्याची गाडी नवी आहे आणि हौद्यात अजून खारं पाणी पडलेलं नाही, त्याने. कारखान्यात पत्र्यावर विजेच्या साह्याने चढवलेला प्रायमरचा पातळ थर, साधारण 20 मायक्रॉनचा, तेव्हा शाबूत असतो. तो ग्राइंडरने उडवायचा नाही. नुसता खरखरीत करायचा, धुवायचा, वाळवायचा आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या दिवशी, यंत्राने फवारा द्यायचा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला स्वस्तातला अॅरोमॅटिक प्रकार वरून पांढुरका पडतो, म्हणून वरचा थर अॅलिफॅटिक मागावा; तो महाग असतो.

पाच-सात वर्षं मासळी वाहिलेल्या गाडीच्या मालकाने फवाऱ्याचे पैसे पत्र्यात घालावेत. सडलेला भाग कापून नवा जोडायचा, उरलेला गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा, पत्रा गोड्या पाण्याने धुऊन सुकवायचा, मग जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर आणि वर साधा रंग. पोकळ भागांत मेण. हौद्यात उचलून धुता येईल अशी रबर मॅट, तीही रोज उचलायची, नाहीतर तिच्याखाली तेच पाणी साचतं.

धुवायला पाणी कुठून आणायचं, हा इथला खरा प्रश्न आहे. बाहेरून येणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात घरच्या नळाचीच चिंता असते. पण हौदा न्हाऊ घालायची गरज नाही. शेवटची खेप उतरली की पन्हळी, कोपरे, फाळक्याची बिजागरी आणि पाणी जायची भोकं एवढ्यांवर दोन बादल्या ओतल्या तरी बरंच मीठ निघून जातं. बोअरवेलचं पाणी त्यासाठी वापरू नये. खाडीकाठी ते बहुधा मचूळ असतं.

आणि जो कारागीर पाहणीच्या दिवशी हौद्याखाली आडवा होऊन चासी बघत नाही, पत्रा धुवायला वेगळा दिवस मागत नाही आणि जूनमध्ये आलेल्या गाडीला डिसेंबरात या म्हणत नाही, त्याच्याकडे कोणताही ब्रँड असला तरी गाडी देऊ नका.